जुवाची रिकामी बाजू

गावातल्या कुठल्याही लग्नात मी जेवायला बसले की समोरच्या पंगतीतून एक प्रश्न हमखास येतो. "ताई, तुमच्या त्या इमानाला दोन इंजिनं असत्यात ना? मग एक बंद पडलं तर काय झालं, दुसरं हायेच की!" विचारणारा हसत असतो, शेजारचे माना डोलावतात आणि माझ्या पानातली बुंदी एकदम बेचव होते. मला राग लवकर येतो, हे आमच्या अवसरी बुद्रुकमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. बहुतेक म्हणूनच विचारत असावेत.

पूर्वी मी कागद मागवून त्यावर विमानाचं चित्र काढून दाखवायची. आता एवढंच विचारते, "भाऊ, गाडीला दोन बैल असतात. एक बसला तर दुसऱ्यावर गाडी सरळ जाते का?" मग पंगत पुन्हा बुंदीकडं वळते. आमच्याकडं यात्रेला शर्यतीच्या घाटात बैलगाडे पळतात. जोडीतला एक जरा ढिला पडला की काय होतं, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

छोट्या विमानाची दोन इंजिनं दोन पंखांवर, मधल्या अंगापासून लांब बसवलेली असतात. डावं बंद पडलं की उजवं एकटंच जीव तोडून ओढतं आणि विमानाचं नाक डावीकडं फिरतं. शिवाय बंद पडलेल्या इंजिनाचा पंखा वाऱ्यात आडवा राहतो आणि विमानाला मागं खेचतो. वेळेत सावरलं नाही तर विमान त्या बाजूला कलतं, आणि वेग कमी असेल तर उलटंही होतं. म्हणजे दुसरं इंजिन तारतं हे खरं, पण तुम्ही झोपलात तर तेच तुम्हाला मारतं.

हे मी आज ऐटीत सांगते. पण हे शिकताना, बैलांवर चार पिढ्या जगलेल्या घरातली मी, त्या बैलांपायीच नापास व्हायच्या बेताला आले होते.

आबांची, म्हणजे माझ्या वडलांची, खिलार जोडी होती. डावा पांढरा आणि उजवा कोसा, म्हणजे अंगावर तांबूस झाक असलेला. पेरणीला आबा पाभरीवर बी सोडायचे आणि मी शेजारून दोन्ही कासरे धरून चालायची. पांढरा दिसायला देखणा, पण कामाला निव्वळ ऐदी. चार तास, म्हणजे पेरणीच्या चार ओळी, झाल्या नाहीत तोवर मागं पडायचा, आणि तो मागं पडला की पाभर डावीकडं ओढली जायची. पेरणीचे तास वाकडे येणं ही आमच्याकडं अब्रूची गोष्ट आहे. पीक उगवून आलं की रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण ते वाकडेपण बघतो आणि वर्षभर बोलून दाखवतो.

म्हणून आबांनी मला पहिल्या दिवशीच शिकवलं होतं, "चालत्याला आवर, मागच्याला हाक दे." कोशाचा कासरा जरा मागं खेचायचा, पांढऱ्याला चुचकारून पुढं काढायचं, आणि दोघं बरोबरीला आले की मग चालू लागायचं. वयाच्या नवव्या वर्षापासून कॉलेजला जाईपर्यंत मी हेच करत आले. माझ्या हातांना ते इतकं पाठ झालं होतं की डोक्याला विचारायची गरजच राहिली नव्हती.

उड्डाणाची शाळा आमच्या तालुक्यापासून बरीच दक्षिणेला, एका लहानशा धावपट्टीवर होती. एका इंजिनाचं विमान मी तिथं आधीच शिकले होते, त्यात नावाजलीही गेले होते, त्यामुळं डोकं जरा वरच असायचं. आता दोन इंजिनांच्या विमानाची परीक्षा तेवढी राहिली होती. ती झाली की वैमानिकाची नोकरी, नाही झाली तर हातातल्या परवान्याला कुणी विचारणारं नाही. सगळं त्या एका परीक्षेवर अडलं होतं.

आमचे सर निवृत्त वैमानिक. ते कधी ओरडायचे नाहीत, आणि ओरडणाऱ्या माणसापेक्षा मला त्यांचीच जास्त भीती वाटायची. सरावाची पद्धत अशी, की ते मांडीवरचा नकाशा उचलून इंजिनांच्या दोन दांड्यांवर धरायचे आणि त्याआडून कुठली तरी एक दांडी मागं ओढायचे. या दांड्यांना थ्रॉटल म्हणतात, इंजिनाला जोर कमीजास्त देणाऱ्या. कुठलं इंजिन गेलं हे बघून कळू नये, पायाला कळावं, म्हणून तो नकाशा.

पहिल्या वेळी त्यांनी डावं इंजिन मागं घेतलं. नाक डावीकडं फिरलं आणि माझ्या हातांनी आपलं काम केलं. उजवी, चांगली चालणारी दांडी मी मागं खेचली आणि डावी पुढं ढकलली. नाक सरळ झालं. मी खुशीत सरांकडं बघितलं.

"विमान सरळ आहे," सर म्हणाले. "सरळ खाली चाललंय."

खरंच चाललं होतं. बंद पडलेल्याला मी हाका मारत होते आणि जो एकटा सगळं ओढत होता त्याचाच कासरा आवळून धरला होता. दुसऱ्या वेळी तेच झालं. तिसऱ्या वेळी मी मनाशी घोकत गेले होते, की उजव्या दांडीला हात लावायचा नाही, लावायचा नाही. नकाशा उचलला गेला, नाक फिरलं आणि हात गेला. मला माझ्याच हाताची चीड आली. उतरल्यावर मी हेल्मेट नव्हतं म्हणून हेडफोन आपटला, त्याची एक दांडी मोडली, आणि ती अजून चिकटपट्टी लावून मी वापरते.

सरांनी मला शेडच्या सावलीत बसवलं आणि विचारलं, "तू असं का करतेस? इतर मुलं चुकतात, पण वेगळं चुकतात. घाबरून चुकीचा पाय दाबतात, कुणी नुसतंच बघत बसतं. चालू इंजिन मागं घेणारी तू पहिलीच."

मी पांढऱ्याचं आणि कोशाचं सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "सवय खोटी नाही तुझी. विमान फार हळू झालं आणि कलायला लागलं तर चालू इंजिन मागं घ्यावंच लागतं. पण खाली उंची असेल तरच. उड्डाण केल्या केल्या, झाडांच्या वर असताना तू हे केलंस तर आपण दोघं जाऊ." मग उठता उठता म्हणाले, "दोन दिवस घरी जाऊन ये. आल्यावर तुझी परीक्षा घेतो. परीक्षेत त्या दांडीला हात लागला तर मी 'अयोग्य' असं लिहीन, आणि मला ते लिहायला आवडणार नाही."

मी घरी आले ती तोंड फुगवूनच. आईनं विचारलं, काय झालं, तर तिच्यावर खेकसले. आबा गोठ्याकडं गेले. संध्याकाळी गोठ्यात मी त्यांच्या मागं मागं फिरत सगळं सांगितलं, आणि शेवटी, लाज वाटते सांगायला, पण त्यांनाच दोष दिला. "तुम्हीच शिकवलंत ना, चालत्याला आवर म्हणून? आता नडतंय ते मला."

आबा वैरण टाकत होते. पांढरा केव्हाच गेला होता. कोसा म्हातारा झाला होता, पण आबांनी त्याला कुणाला दिलं नव्हतं. ट्रॅक्टर आला तरी दावणीला बैल असायचाच. कोशाच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, "ती पेरणीची गोष्ट झाली. पेरताना थांबायची सोय असती. तुला वढ्यातलं आठवत न्हाई व्हय?"

आणि मला आठवलं. मी अकरा वर्षांची असेन. शेणखतानं भरलेली गाडी घेऊन आम्ही पलीकडच्या रानात चाललो होतो. मधे ओढा. पाणी गुडघाभरच, पण खाली वाळू मऊ. गाडी ऐन मध्यावर आली आणि पांढरा बसला. कोसा ओढत होता, गाडी डावीकडं फिरत होती आणि चाकं हळूहळू वाळूत उतरत होती. मी वरून पांढऱ्याला ओरडत होते, कोशाचा कासरा खेचत होते. आबा खाली उडी मारून ओरडले, "सोड त्यो कासरा! चालू दे त्याला!" मग त्यांनी जुवातली शिवळ उपसली. शिवळ म्हणजे बैलाची मान जुवात अडकवून ठेवणारी खुंटी. पांढरा मोकळा झाला, बाजूला झाला. आणि जुवाच्या त्या रिकाम्या बाजूखाली आबांनी स्वतःची मान घातली. कोशाकडं झुकून, तिरके होऊन, माणूस आणि बैल अशी जोडी करून त्यांनी ती गाडी काठाला लावली. आठ दिवस त्यांच्या मानेला तेल चोळावं लागलं होतं.

"बसल्याला हाका मारून उपेग नसतो," आबा म्हणाले. "त्यो जुवात ऱ्हायला की चालत्यालाबी बसवतो. म्हणून आधी त्याची शिवळ काढायची. मंग रिकाम्या बाजूला आपण लागायचं. आन चालत्याला चालू द्यायचं. त्याला हात लावायचा न्हाई."

मी आबांना ते पुन्हा सांगायला लावलं. कारण सर महिनाभर हेच सांगत होते, फक्त दुसऱ्या शब्दांत. बंद इंजिनाच्या पंख्याची पाती वाऱ्याच्या धारेत वळवायची, म्हणजे तो मागं खेचायचा थांबतो. याला फेदर करणं म्हणतात, आणि हीच ती शिवळ काढणं. फिरणारं नाक पायानं दाबून धरायचं. डावं इंजिन गेलं की उजवा पाय. चालू इंजिनाकडं थोडं कलायचं. आणि चालत्याला चालू द्यायचं. मला हे तोंडपाठ होतं, लेखी परीक्षेत लिहिलंही होतं. पण ते अंगात उतरलं नव्हतं.

"डोक्यात शिरलं," मी म्हणाले. "पण हात ऐकत नाही ना आबा."

"मंग हाताला कशाला सांगती? मानंला सांग," ते म्हणाले. "सकाळी ये रानात."

दुसऱ्या दिवशी सकाळी कांदा काढून मोकळ्या झालेल्या वावरात आबांनी जू आणलं, त्याला हलकं लाकडी अवजार बांधलं, उजव्या बाजूला कोसा जुंपला आणि मला म्हणाले, "घाल मान." मी इकडं तिकडं बघितलं. बांधावर माझे दोन चुलतभाऊ आधीच मोबाइल काढून बसले होते. विमान चालवणारी बाई जुवाखाली चाललीय म्हटल्यावर मंचरपर्यंत बातमी जायला वेळ लागणार नव्हता. गेलीही. अजून तो व्हिडिओ दरवर्षी बैलपोळ्याला कुणीतरी फिरवतं.

मी मान घातली. कोसा निघाला आणि पहिल्याच पावलाला माझी बाजू मागं फेकली गेली. माझा हात आपोआप कोशाच्या कासऱ्याकडं गेला. आबांनी कासराच काढून घेतला. "हात मागं बांध," ते म्हणाले. मी हात पाठीमागं धरले. आता माझ्याकडं फक्त मान आणि पाय उरले. दहा पावलं, पुन्हा वाकडं. वीस पावलं, पुन्हा. कोसा म्हातारा असून मला फरफटवत होता. मग कधीतरी, कितव्या फेरीला ते मोजलं नाही, मी त्याच्याकडं झुकले, उजवा पाय रोवला, आणि जू सरळ झालं. आम्ही दोघं वावराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलो. मागं वळून बघितलं तर मातीत एकच सरळ तास. मी तिथंच ओरडले. कोशानं कान हलवले. बांधावरच्या भावांनी टाळ्या वाजवल्या, चेष्टेनं वाजवल्या की मनापासून ते त्यांचं त्यांना ठाऊक.

"टोकाला पोचल्यावर मान येळेत काढ," आबा म्हणाले. "बैल थांबला आन तू जोर लावतच ऱ्हायली तर जू तुलाच फिरवंल." ते मी तेव्हा ऐकून घेतलं, फार मनावर घेतलं नाही. दुपारपर्यंत माझी मान सोलवटून निघाली होती. आईनं हळद लावली, आणि काल खेकसल्याबद्दल मी तिची माफी मागितली, जी मी सहसा मागत नाही.

परीक्षेचा मार्ग सरांनी आखला होता. उत्तरेकडं निघून मंचर, नारायणगाव, मग जुन्नरला शिवनेरीपाशी वळण घेऊन परत. म्हणजे माझ्याच घरावरून. मी आबांना फोन करून सांगितलं होतं, साडेदहाच्या सुमाराला वर बघा.

आकाश स्वच्छ होतं. डाव्या हाताला आहुप्याकडचे डोंगर, खाली घोड नदी, आमच्या गावची शाळा, पाण्याची टाकी. आबा मला दिसायची शक्यता नव्हती, तरी मी बघितलं. नारायणगाव मागं पडलं. मी वाट बघत होते ती फक्त नकाशाची. आता उचलतील, मग उचलतील. सर निवांत बाहेर बघत होते.

शिवनेरी खिडकीत आला आणि त्याच वेळी विमान थडथडलं. कुणीतरी पत्र्यावर हातोडा मारतंय असा आवाज, एक, दोन, तीन, आणि नाक डावीकडं फिरलं. मी मनात म्हटलं, आली वेळ. उजवा पाय गेला. मी सांगते, तो पाय मी नेला नाही, तो आपला आपण गेला. मान किंचित उजवीकडं झुकली, विमानही झुकलं. हात मात्र दांडीवर गेला नाही. इतका आनंद झाला मला की मी हसतच सरांकडं वळले.

नकाशा त्यांच्या मांडीवर घडी घालून तसाच पडला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर होते.

"तुम्ही केलंत ना?" मी विचारलं.

"मी नाही," सर म्हणाले. "डावीकडं बघ."

डाव्या इंजिनाच्या झाकणावरून काळं तेल वाऱ्यानं मागं ओघळत होतं. पुढं सह्याद्रीची भिंत. खाली माणिकडोह धरणाचं पाणी. ही परीक्षा नव्हती.

भीती वाटली का, असं लोक विचारतात. वाटली. पण भीती वाटायच्या आधी पाय जागेवर गेला होता, हे माझं नशीब, आणि त्या सरळ तासाची पुण्याई. मी मोठ्यानं बोलत गेले. दोन्ही दांड्या पुढं. डावा पाय मोकळा, म्हणजे डावं इंजिन गेलेलं. खात्री करायला डावी दांडी हळूच मागं घेतली. काहीच फरक पडला नाही, म्हणजे बरोबर. मग डाव्या पंख्याची पाती वळवणारी वेगळी दांडी पूर्ण मागं ओढली. शिवळ उपसली. पंखा एकदोनदा कण्हल्यासारखा फिरला आणि पाती वाऱ्याच्या धारेत उभी करून थांबला. मागची ओढ एकदम कमी झाली. डाव्या इंजिनाचं इंधन बंद केलं. उजवं एकटंच, कुरकुर न करता ओढत होतं, आणि मी त्याला परत हात लावला नाही.

सर म्हणाले, "मी घेऊ का?"

"नको," मी म्हणाले. थोडं उद्धटच झालं ते. "तुम्ही रेडिओ बघा."

त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि रेडिओवर बोलायला लागले. आमची अडचण कळवली, परत येतोय म्हणून सांगितलं. मी डोंगरांपासून उजवीकडं, चालत्या इंजिनाच्या बाजूला, सावकाश वळले. वेगाच्या तबकडीवर एक निळी रेघ असते. एका इंजिनावर जायचं तर काटा त्या रेघेवर राहायला हवा. त्याखाली एक लाल रेघ, तिच्या खाली गेलं की पाय कितीही दाबा, नाक सरळ राहत नाही. मला फक्त निळी रेघ दिसत होती. त्या वेगावर विमान उंची धरू शकत नव्हतं. ते हळूहळू, अगदी इंचाइंचानं खाली येत होतं, आणि ते येऊ द्यायचं असतं. उंची वाचवायला नाक वर घेतलं की वेग जातो, आणि वेग गेला की सगळंच जातं.

ओझरच्या विघ्नहराचं देऊळ आणि येडगाव धरणाचं पाणी खालून सरकलं. हात मोकळे नव्हते म्हणून मनातच नमस्कार केला. नारायणगावाजवळ विमान खाली यायचं थांबलं. आता ते तेवढ्याच उंचीवर चालत होतं, खालची हवा दाट म्हणून एका इंजिनाला ते झेपत होतं. माझा उजवा पाय भाजल्यासारखा दुखत होता. पेडलवरचा भार कमी करायचं एक चाक असतं, ते फिरवायचं मला सुचलंच नव्हतं. सरांनी शांतपणे तेवढं एक बोटानं दाखवलं. त्या सबंध वेळात त्यांनी केलेली तेवढीच मदत.

मंचर. मग आमचं गाव, या वेळी बरंच जवळून. मी खाली बघितलं नाही. समोर बघत राहिले.

धावपट्टी दिसली तेव्हा सर म्हणाले, "एकदाच मिळेल. पुन्हा वर जाऊन फेरी मारता येणार नाही."

"माहीत आहे," मी म्हणाले. जरा वरूनच आले, चाकं उशिरा काढली, पट्टी नक्की हातात आली तेव्हा. अगदी शेवटी, जमिनीच्या वर थोडंसं असताना, उजव्या इंजिनाचा जोर कमी करायचा होता, आणि त्याच क्षणी आबांचा आवाज कानात आला. मान येळेत काढ. इंजिनाचा जोर गेला आणि माझा पाय तसाच दाबलेला राहिला, तर नाक उजवीकडं फिरून आम्ही पट्टीबाहेरच्या बाभळींत गेलो असतो. हातानं दांडी मागं येत गेली तसा पाय सैल होत गेला. दोन्ही चाकं एकदमच टेकली. इतकं चांगलं मी कधीच उतरवलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही फार वेळा नाही.

विमान थांबलं. पलीकडून पाण्याचा बंब येत होता. सरांनी मांडीवरचा नकाशा उचलला, अगदी काळजीपूर्वक दोन दांड्यांवर धरला आणि म्हणाले, "हा आज वापरायचा राहूनच गेला."

मग ते हसले. मी त्यांना पहिल्यांदाच मोठ्यानं हसताना बघितलं. तिथंच, बंब येईपर्यंत, त्यांनी माझ्या वहीत 'योग्य' असं लिहिलं. त्याखाली अजून एक ओळ लिहिली, ती मी कुणाला दाखवत नाही. मी दार उघडून पंखावर उतरायला गेले तर उजवा पाय आखडला होता म्हणून मी तिथंच बसले. बंबावरचा माणूस घाबरून धावत आला. मी त्याला म्हटलं, "काही नाही हो, पास झालेय."

अर्ध्या तासानं आबांना फोन लावला. एका रिंगमध्ये उचलला. मी काही सांगायच्या आत त्यांनी विचारलं, "टेकली का गं?"

"टेकले. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगंल? जाताना वर दोन आवाज व्हते. येताना एकच व्हता. मी वावरातच व्हतो. खाली बसलो."

बैलगाड्यांच्या घाटात आयुष्य काढलेला हा माणूस. धुळीत काही दिसत नसताना कुठला बैल ढिला पडलाय ते नुसत्या टापांवरून ओळखायचा. आणि त्या आवाजानंतर फोन येईपर्यंत तो एकटाच तिथं बसून होता. मी विचारलं, "आईला सांगितलंत?"

"न्हाई."

"भ्यालात का आबा?"

"लई," ते म्हणाले. "पण आवाज सरळ चालला व्हता. इकडं तिकडं हलत नव्हता. तवा म्हटलं, घातली हिनं मान."

मागं कोशाच्या गळ्यातली घंटी वाजलेली मला ऐकू आली.

"दुखती का मान?" त्यांनी विचारलं.

"मान नाही आबा," मी म्हणाले. "पाय दुखतोय."

"शेक मंग गरम पाण्यानं," ते म्हणाले, आणि भाकरी घेऊन रानात आलेल्या आईच्या हातात त्यांनी फोन दिला.